संस्थेची ग्रँट मार्चला संपतेय, गावचा तांदूळ-नाचणी विकून संस्था चालेल का?

डांगाणकर
नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी अकोले तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेत काम करतो. अकोले म्हणजे अहिल्यानगर जिल्हा, पण आमचा भाग वरचा, भंडारदऱ्याकडचा, डांगाण. पब्लिक ट्रस्ट आहे, १२ए (संस्थेला आयकर सवलत), ८०जी (देणगीदाराला आयकर सवलत) सगळं आहे, माणसं मोजून चार. नऊ गावांतल्या ११० बायकांसोबत जुन्या वाणांचं काम चालतं, म्हणजे काळभात, रायभोग, नाचणी, वरई, वाल-घेवड्याचे चार-पाच प्रकार. इकडं राहीबाई पोपेरेंमुळे (कोंभाळण्याच्या, २०२० च्या पद्मश्री) गावठी बियाणं म्हटलं की लोक ऐकून तरी घेतात, नाहीतर पंधरा वर्षांपूर्वी हेच बोललं तर हसायचे. बियाणं झालं, लागवड झाली, बायका परत लावायला लागल्या. आता ते धान्य पिकतं, मग विकायचं कुठं हा प्रश्न आला म्हणून मागच्या वर्षी आम्ही पुण्यात प्रदर्शनं आणि व्हॉट्सॲप ग्रुप यावर मिळून १२० रुपये किलोनं ६०० किलो तांदूळ आणि थोडं नाचणीचं पीठ विकलं.

अडचण अशी की तीन वर्षं एका कंपनीचा सीएसआर म्हणजे समाजकामाचा निधी होता तो मार्चला संपतोय. शेवटच्या मीटिंगला त्यांच्या मॅडम म्हणाल्या, आता तुम्ही सस्टेनेबल व्हा, प्रॉडक्ट तर तुमच्याकडे आहेच. ऐकायला बरं वाटलं. घरी येऊन कागद-पेन घेतला तर डोकं चालेना. चौघांचे पगार, ऑफिसचं भाडं, गाडीचं पेट्रोल मिळून महिन्याला ६० हजार लागतात, फार नाही पण आमच्यासाठी तेच डोंगराएवढे. अध्यक्ष म्हणतात तांदूळ वाढवू, भाव वाढवू, ब्रँड करू. मला कळत नाही ट्रस्टनं असं दुकान टाकलेलं चालतं का, की शेतकऱ्यांची कंपनी काढावी, आणि मुळात यातून चार पगार निघतात का. कुणी हे केलंय का खरोखर? पुस्तकी नको, झालेलं सांगा. भात आत्ता पोटरीत आहे, दिवाळीनंतर झोडणी, म्हणजे जे ठरवायचं ते महिन्या-दोन महिन्यांत.

भातखाऊ_पुणे
अरे निघतात म्हणजे काय!! पुण्यात लोक वेडे झालेत असल्या तांदळासाठी, आमच्या सोसायटीत एक जण काळा तांदूळ ३०० रुपये किलोनं ऑनलाइन मागवतो आणि तो कुठून येतो हे त्यालाही माहीत नसतं. तुम्ही १२० ला विकता? चूक आहे ती. चांगली पिशवी करा, इन्स्टावर आज्जीचा मुसळ घेऊन फोटो टाका, २०० लावा. लिज्जतचं बघा की, १९५९ ला गिरगावात सात बायका, ८० रुपये उसने, आज केवढं झालं. मी स्वतः १० किलो घेतो, सांगा कुठं मिळेल.

हिशेबी_काकू
भातखाऊ, दहा किलो घेतो म्हणणारे मी पुष्कळ बघितलेत बाळा, एकदा घेतात, दुसऱ्यांदा म्हणतात डॉक्टरनी भात बंद केलाय.

डांगाणकर, मी सिंधुदुर्गात बायकांच्या प्रक्रिया गटाचे हिशेब अकरा वर्षं ठेवले, कोकम आगळ, कुळथाचं पीठ, फणसाचे पापड असला माल. तुम्ही आधी एक करा, ब्रँड बिंड राहू दे, एका किलोचा हिशेब इथं मांडा. भात काय भावानं घेता, त्यातून तांदूळ किती पडतो, निवडायला किती, पिशवी किती, पुण्याला पोचवायला किती. मग बोलू. आणि अजून एक विचारते, पिशवीवर काय लिहिता, हातसडी?

डांगाणकर
काकू, हो, हातसडीच लिहितो :( खरं सांगायचं तर गावातल्या हलरवरच (भात भरडायच्या मशीनवर) काढतो, फक्त पॉलिश करत नाही. उखळात सडायला आता बायका तयार नाहीत आणि त्यांना तसं सांगायची मलाही लाज वाटते, माझी आई सडायची, तिचे हात बघितलेत मी.

हिशेब असा. व्यापारी खळ्यावर येऊन २४ नं भात उचलतो, आम्ही जुन्या वाणाला ३८ देतो. १०० किलो भाताला ३८०० झाले. वाडीवरून आणणं आणि हलर ३५०. पाखडायला, निसायला दोन बायका एक दिवस, ७००. कणी वगैरे जाऊन अख्खा तांदूळ ६२ किलो पडतो. त्याच्या पिशव्या-लेबल किलोला ७ धरून ४३४, पुण्याला पोच किलोला ८ धरून ४९६. एकूण ५७८० म्हणजे किलोला ९३ आणि वर काही पैसे. विकतो १२० ला. वर २७ राहतात, पण त्यात स्टॉलचं भाडं, फुटलेल्या पिशव्या, ओळखीच्यांना चव बघायला दिलेलं, आणि पावसाळ्यात राहिलेला माल, हे धरलं तर हातात २० राहतात असं म्हणू.

आणि पावसाळ्याचं सांगतोच. मागच्या जूनमध्ये ७० किलो खवट वास येऊन परत आला. त्यात सोंडे पण झाले होते, एका बाईंनी फोटो काढून ग्रुपवर टाकला, त्या ग्रुपवर मी आजतागायत तोंड वर काढलेलं नाही.

हिशेबी_काकू
शाबास. हिशेब लपवला नाहीत म्हणून शाबास. आता ऐका.

किलोमागं २० आणि गरज ६० हजार, म्हणजे महिन्याला ३००० किलो तांदूळ विकायला पाहिजे, वर्षाला ३६ टन. तुम्ही सगळ्या वर्षात ६०० किलो विकलात. ठीक, वाढेल. पण पिकतो का तेवढा? ११० बायका, जुन्या वाणाला प्रत्येकीचं अर्धा एकर धरलं आणि सहा क्विंटल भात धरला, त्यातलं अर्धं घरी खाणार, खायलाच पाहिजे, तर राहिले तीन क्विंटल. सगळ्यांचं मिळून ३३ टन भात, तुमच्या ६२ च्या हिशेबानं साडेवीस टनाच्या आत तांदूळ. त्यावर २० रुपयांनी चार लाख दहा हजार सुद्धा पुरे होत नाहीत. तुम्हाला वर्षाला लागतात सात लाख वीस हजार. म्हणजे नऊ गावचा दाणा न् दाणा उचललात, एक सोंडा झाला नाही, एक पिशवी फुटली नाही, तरी तुमचे पगार निघत नाहीत. भाव २०० लावून बघा म्हणणाऱ्यांनी २०० नं वीस टन विकून दाखवावा.

आणि ३३ टन भात ३८ नं म्हणजे साडेबारा लाख रोख, ते पण डिसेंबरच्या आत, कारण खळ्यावरची बाई मार्चपर्यंत थांबणार नाही, तिला दिवाळीची उधारी फेडायचीय. सीएसआरवाल्या मॅडम ट्रेनिंगला पैसे देतील, बॅनरला देतील, भात विकत घ्यायला कधी देणार नाहीत.

पण आता दुसरी बाजू बघा. व्यापारी २४ आणि तुम्ही ३८. किलोला १४ जास्त, तीन क्विंटलला ४२०० रुपये एका घरात. ११० घरांचे चार लाख बासष्ट हजार. ते पैसे गावात गेले, तुमच्या नफ्याच्या आधी गेले. तुमचं काम तिथं झालं. त्याच तांदळानं परत तुमचे पगार पण काढायचे म्हटलं तर एकतर त्या बाईचा भाव कापाल नाहीतर गिऱ्हाइकाला फसवाल, आमच्याकडे दोन्ही झालं म्हणून सांगते. तांदळानं तांदळाचा खर्च काढावा आणि फार तर एका माणसाचा पगार. संस्थेचा खर्च दुसरीकडून.

हातसडी लिहू नका. बिनपॉलिश लिहा.

सीए_कट्टा
काकूंनी माझं निम्मं काम केलं. कायद्याचं मी सांगतो, मात्र हे जनरल आहे, तुमची ट्रस्ट डीड (संस्थेचं स्थापनापत्र) बघितल्याशिवाय कुणाचंही ऐकू नका, माझंही.

ट्रस्टनं विक्री करूच नये असं नाही. आयकरात उद्देशाला धरून असलेला व्यवसाय चालतो, त्याचे हिशेब वेगळे ठेवायचे, ही पहिली गोष्ट, आणि बहुतेक संस्था हेच करत नाहीत, एकाच कॅशबुकात ग्रँट पण आणि तांदूळ पण. दुसरी गोष्ट तुमचा उद्देश कुठल्या खणात बसतो. गरिबांना साह्य, शिक्षण, वैद्यकीय मदत, पर्यावरण यात बसलात तर एक नियम, आणि 'इतर लोकोपयोगी उद्देश' या खणात टाकलंत तर व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अहमदाबाद अर्बन डेव्हलपमेंट ऑथॉरिटीच्या केसमध्ये यावर बरंच लिहिलंय, थोडक्यात खर्चावर नाममात्र वाढ असेल तर एक गोष्ट आणि चांगला घसघशीत मार्कअप असेल तर तो व्यापार.

आता यात एक खड्डा आहे जो कुणाला दिसत नाही. आज समजा तुमची ग्रँट साडेसात लाख आणि विक्री एक लाख. विक्री पावणेबारा टक्के, मजेत आहात. एक एप्रिलला ग्रँट शून्य झाली, देणग्या आल्या दोन लाख, विक्री तीच एक लाख. एक पिशवीसुद्धा जास्त विकली नाही आणि टक्केवारी गेली ३३ वर. म्हणजे संस्था गरीब झाली की कायद्याच्या नजरेत आपोआप व्यापारी होते. म्हणून विक्री मोठी करायचीच असेल तर ट्रस्टच्या बाहेर काढा, ग्रँट असतानाच काढा.

बाहेर म्हणजे कुठं तर एक रस्ता प्रोड्युसर कंपनी, म्हणजे तुम्ही म्हणता ती शेतकऱ्यांची कंपनी. १० शेतकरी पुरतात नोंदणीला, किमान ५ संचालक, दरवर्षी ऑडिट, आरओसीला (कंपनी निबंधकाला) फायलिंग, एखादा फॉर्म राहिला तर दंड दिवसाच्या हिशेबानं चढतो. २०२० ला केंद्राची १० हजार एफपीओंची (शेतकरी उत्पादक संघटनांची) स्कीम आली, त्यात तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मॅनेजमेंटचा खर्च मिळायचा, पण सपाट भागात ३०० सभासद लागायचे. त्या लाटेत काढलेल्या कित्येक कंपन्यांचे संचालक आज माझ्यासारख्याला फोन करून विचारतात बंद कशी करायची. ११० बायकांवर मी तर लगेच कंपनी काढणार नाही. बचत गटांच्या नावावरच विक्री करा, फूड लायसन गटाचं, बँक खातं गटाचं. माझ्या क्लायंट गटाचं २०२२ ला केलं तेव्हा १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला नुसतं रजिस्ट्रेशन, वर्षाला १०० रुपये फी. ट्रस्टनं फक्त शिकवायचं आणि हिशेब बघायचा.

भातखाऊ, लिज्जतचं उदाहरण सगळे देतात म्हणून सांगतो, त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं की तोटा झाला तरी देणगी मागायची नाही. शिवाय पापड. महिनोन् महिने टिकतो, पाठीवर घेऊन जाता येतो, लाटायला जागा घरची. तांदूळ तसा नाही.

भातखाऊ_पुणे
बरं बाबा. मग देणगी देऊ का? तांदूळ घेताना २०० देतो, १२० तांदळाचे, ८० देणगी, पावती सगळ्याची ८०जी ची द्या 😀

सीए_कट्टा
तांदळाच्या पैशाला ८०जी मिळत नाही. ८० रुपये वेगळे द्या, वेगळी पावती घ्या. आणि २००० च्या वर रोख देऊ नका, वजावट जाते. बाकी कल्पना वाईट नाही हां, शंभर जणांनी महिन्याला ५०० दिले तर ५० हजार होतात, तेवढ्यात यांचं ऑफिस जवळपास निघतं. डांगाणकर, तुमच्या ६०० किलोच्या गिऱ्हाइकांची यादी आहे का? फोन नंबरासकट? नसेल तर आज बसून करा.

एडिसनवरून
अमेरिकेतून पैसे पाठवले तर चालतात का? इथं आमच्या महाराष्ट्र मंडळात पाच-सहा जण तयार होतील, माझं आजोळ राजूरचं आहे, पेढ्यांची आठवण आली वाचून.

सीए_कट्टा
एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी) आहे का त्यांच्याकडे? नसणार. मग ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिले तर ते परदेशी योगदान धरत नाहीत. अमेरिकन नागरिक झालेल्यांचं चालत नाही, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असलं तरी नाही. मंडळाच्या खात्यातून तर अजिबात नको. पासपोर्टची कॉपी मागून घ्यायची म्हणजे नंतर भानगड नाही.

जव्हारवाला
सगळं वाचलं. आम्ही पालघरकडे हेच केलं आणि तोंडावर आपटलो त्यामुळे दोन गोष्टी मनापासून सांगतो.

पहिलं म्हणजे मशीन घेऊ नका. ग्रँटचं शेवटचं वर्ष आलं की प्रत्येक देणगीदाराला मशीन द्यावंसं वाटतं कारण मशीनवर स्टिकर लावता येतो. आम्हाला नाचणी-वरईचं क्लीनर ग्रेडर मिळालं, सुंदर मशीन, थ्री फेज लागतं, गावात थ्री फेज रात्री ११ ला येते कधीतरी. पावसाळ्यात शेडमध्ये उंदरांनी वायरी खाल्ल्या. आता त्याच्यावर लोक छत्र्या वाळत घालतात.

दुसरं, तुमचा खवट तांदूळ. दादा तांदूळ साठवायचाच नाही, भात साठवायचं. आपले आजे-पणजे कणगीत काय ठेवायचे? भात. टरफलात दाणा वर्षभर टिकतो. एकदा टरफल काढलं आणि पॉलिश न करता कोंड्याचा थर ठेवला की त्यातलं तेल हवा लागून खवट होतं, दोन-तीन महिन्यांचा खेळ असतो, पावसाळी हवेत त्याहून कमी. म्हणून ऑर्डर घ्यायची, मग हलरला घालायचं. महिन्यातून एक तारीख ठरवा, त्या तारखेला जेवढी ऑर्डर तेवढंच भरडायचं. गिऱ्हाइकालाही सांगायचं की दोन महिन्यांचाच घ्या. नाचणीचं उलटं, दाणा चांगला वाळवून ठेवला की वर्षानुवर्षं हलत नाही, पण पीठ केलं की लगेच संपवायला पाहिजे, त्यामुळे पीठ विकूच नका, दाणा विका नाहीतर सत्त्व. आणि वरईचं म्हणाल तर पीठ करून पॅक करायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका, उपासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, बुरशी लागलेल्या दाण्याचं नाहीतर जुन्या पिठाचं ते असतं. एक केस झाली तर गटातल्या बायका पोलीस स्टेशनला जातील, अध्यक्ष नाही जाणार.

पैशाचं म्हणाल तर साडेबारा लाख कुठून आणायचे हा प्रश्न चुकीचा आहे, एवढं घ्यायचंच नाही. आपल्याकडे वर्षाचं धान्य भरायची पद्धत होती ना, अजून आहे काही घरांत, उन्हाळ्यात गहू-तांदूळ भरतात. त्या घरांना धरा. आम्ही नंतर शहाणे होऊन ४५ घरं धरली, दसऱ्याला निम्मे पैसे आगाऊ घेतो, त्याच पैशानं खळ्यावर रोख देऊन भात उचलतो, आमच्या कोठीत ठेवतो आणि वर्षातून सहा वेळा भरडून देतो. कर्ज नाही, व्याज नाही. वर लागलंच तर प्रक्रिया करणाऱ्या बचत गटांना पीएमएफएमई (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना) मध्ये माणशी ४० हजारांपर्यंत बीज भांडवल होतं, उमेदच्या (राज्याच्या बचत गट अभियानाच्या) ऑफिसात विचारा आता काय चालू आहे.

अजून एक, पॅकबंद लेबल लावलेल्या धान्यावर २०२२ च्या जुलैपासून ५ टक्के जीएसटी आहे, ते नोंदणीची मर्यादा ओलांडली तरच तुमच्या गळ्यात येईल, पण वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, पत्ता हे लेबलवर आजच पाहिजे. आमच्या एका प्रदर्शनात वजनमापवाले आले होते.

सुनंदा_बचतगट
नमस्कार मी बोलून टाईप करते चुका होतील. मी अकोल्याचीच आहे धरणाच्या अंगाच्या गावची. आमचा गट आहे बारा जणींचा. ही चर्चा माझ्या भाच्यानी दाखवली.

तुम्ही सगळे पुणे पुणे करता. पुणं दर शनिवारी आमच्या दारात येतं ना. मे जूनला काजवे बघायला येतात आता धबधबे बघायला येतात रतनगडला जातात सांधणला जातात कळसुबाईला तर रांग लागते. धरणाच्या कडंला तंबू किती झालेत मोजा एकदा. त्या तंबूवाल्यांचा तांदूळ कुठून येतो माहिती का संगमनेरवरून येतो पोत्यानी. आणि रात्री त्या पुण्याच्या लोकांना पनीर घालतात. डांगाणात येऊन पनीर. आमच्यातल्या चार जणी तिथंच भाकरी थापायला जातात तीनशे रुपये रोजानी आणि भाकरी पण ज्वारीची कारण नाचणी मालकाला मिळत नाही म्हणतो. नाचणी आमच्या घरात भरलेली आहे.

मी आणि दोघी गेल्या साली घरीच जेवण द्यायला लागलो. काळभात वालाची आमटी हुलग्याचं माडगं नाचणीची भाकरी ठेचा आणि दिवस असतील तशी रानभाजी करटुली म्हणा चाईचा मोहर म्हणा कुर्डू म्हणा. माणशी दोनशे घेतो. त्यात किलोचे आठ माणसं जेवतात तांदळात. आता तुम्हीच हिशेब करा काकू. पिशवी नाही लेबल नाही पुण्याची गाडी नाही आणि खवट व्हायला राहतच नाही घरात.

संस्थेचे दादा येतात मीटिंग घेतात फोटो काढतात चांगले आहेत ते. पण भाताचे पैसे मागच्या साली फेब्रुवारीत मिळाले. व्यापारी चोवीसच देतो पण हातात देतो. ते आधी बघा मग कंपनी काढा.

आणि अजून एक वाईट वाटू देऊ नका. अंगणवाडीतली पोरं कुरकुरे खातात आणि आम्ही नाचणी पुण्याला पाठवतो. थोडी इथं पण राहू द्या.

हिशेबी_काकू
सुनंदाताई, बाकीच्यांनी गप्प बसावं असं लिहिलंत. हिशेब करते. किलो तांदूळ पुण्यात विकून संस्थेला २० रुपये. तोच किलो तुमच्या पानात आठ जणांचे १६०० रुपये आणतो. डाळ, तेल, सरपण, तुमची मजुरी वजा करा, सगळ्याचे मिळून माणशी १२० गेले धरू, तरी ८० हातात, आठ जणांचे ६४०. आणि मजुरी आधीच धरलीय त्यात.

फक्त दोन गोष्टी. जेवण देताय तर फूड रजिस्ट्रेशन करून टाका, सीए भाऊंनी सांगितलं तसंच, आणि पाणी उकळून द्या, एका ग्रुपला जुलाब झाले की सोशल मीडियावर तुमचं गाव संपलं. रानभाजी जी आपण स्वतः लहानपणापासून खातोय तीच वाढा, कुणी नवीन आणून दिलेली नको.

डांगाणकर
सुनंदाताई, फेब्रुवारीचं खरं आहे. कंपनीचा हप्ता उशिरा आला आणि आम्ही भाताचे पैसे पण त्याच खात्यातून देत होतो. माझ्याकडे याला उत्तर नाही, चूक आमची. तुम्ही बहुतेक आमच्या नऊ गावांतल्याच आहात, अंदाज आलाय कोण ते, पण इथं नाव घेत नाही.

रात्री अध्यक्षांशी बोललो. ते थोडे नाराज झाले, ब्रँडचं नाव पण ठरवून ठेवलं होतं त्यांनी. पण काकूंचा ३६ टनांचा आकडा दाखवल्यावर गप्प झाले. आत्तापुरतं असं ठरतंय की यंदा पुण्याला ४० घरं आगाऊ पैशावर, त्याहून एक घर जास्त नाही, आणि त्या पैशातून खळ्यावर रोख. खातं गटाचं, आमचं नाही. हातसडीची छापलेली ८०० लेबलं पडून आहेत ती जाळतो. शनिवारी धरणाच्या कडेला जाऊन तंबूवाल्यांना भेटणार, किती तांदूळ लागतो, नाचणी घेतील का, आणि पनीर सोडून दुसरं काही वाढतील का हे विचारणार. जेवण देणाऱ्या घरांची बुकिंग संस्थेनं घ्यायची आणि पानामागं गटांनी संस्थेला काही द्यायचं का, हा विषय बायकांसमोरच ठेवू, आपण ठरवणं बरोबर नाही.

तरी ६० हजार निघत नाहीत हे दिसतंय. चौघांतला एक जण बहुतेक मी असेन जो अर्धवेळ होईल, घरचं भात आहे, दोन गाई आहेत, बघू. सीए सर, गटांनी संस्थेला सेवेचे पैसे दिले तर ते पण त्या २० टक्क्यांत मोजतात का?

सीए_कट्टा
'इतर लोकोपयोगी' च्या खणात असाल तर हो, फी, सेस काहीही नाव द्या, त्यात मोजायची शक्यता आहे. म्हणून डीड बघायचीय मला. उद्देशांचं पान स्कॅन करून मेसेज करा. माविमची (महिला आर्थिक विकास महामंडळाची) लोकसंचालित साधन केंद्रं गटांकडून अशी सेवा फी घेऊनच स्वतःचा खर्च काढायचा प्रयत्न करतात, त्यांच्या एखाद्या मॅनेजरला जाऊन भेटा, तालुक्यात नाहीतर शेजारी असेलच. फी किती परवडते आणि बायका कधी कुरकुरतात हे ते सांगतील, मला नाही कळत त्यातलं.

जव्हारवाला
८०० लेबलं जाळू नका हो, मागच्या कोऱ्या बाजूला हलरच्या तारखा लिहून पोत्यांना अडकवा. आम्ही तेच केलं.

भातखाऊ_पुणे
४० घरांत माझं नाव घाला, खरंच, निम्मे पैसे दसऱ्याला पाठवतो. आणि सुनंदाताई, पुढच्या शनिवारी आम्ही सहा जण येतोय, दोघं उपासवाले आहेत त्यांना काय मिळेल?

सुनंदा_बचतगट
उपासाला भगर आणि शेंगदाण्याची आमटी. ताजी भरडलेली. आदल्या दिवशी फोन करा ऐन वेळी नका येऊ.